रेलिंग नाशिकचं, हवा डहाणूची: वेगवेगळे धातू जोडताना गंज कसा टाळायचा

डहाणू, बोर्डी, केळवे, खाली मुरुड-हर्णैपर्यंत बऱ्याच नाशिककरांची घरं आहेत. कुणाचं वडिलोपार्जित, कुणी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेलं. दुरुस्ती काढली की रेलिंग, स्लायडिंग खिडक्या, गच्चीवरची पत्र्याची शेड हे काम अनेक जण अंबड-सातपूरच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरलाच देतात आणि तयार माल टेम्पोत घालून त्र्यंबक-मोखाडा-जव्हारमार्गे खाली उतरवतात. माझंही वर्कशॉप याच धंद्यात आहे, त्यामुळे या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. अडचण एवढीच, की आपल्याकडचा कारागीर स्क्रू आणि वायसर (वॉशर) निवडतो ते नाशिकच्या कोरड्या हवेच्या हिशोबाने. ॲल्युमिनियमच्या खिडकीत लोखंडी स्क्रू, पितळी बिजागरीत जी.आय. (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) स्क्रू, एस.एस.च्या (स्टेनलेस स्टीलच्या) पाइपाला एम.एस.ची (साध्या लोखंडाची) प्लेट हे सगळं गंगापूर रोडवर वर्षानुवर्षं चालतं. समुद्राकाठी त्याच जोड्या दोन-तीन पावसाळ्यांत बोलायला लागतात.

अशा वेळी लोक म्हणतात, "माल हलका लागला." खूपदा माल ठीकच असतो, जोडी चुकलेली असते.

आधी कारण समजून घ्या

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर मिळून खारट ओल आली की तिथे बॅटरी तयार होते. करंट वाहतो आणि दोघांपैकी एक धातू झिजत जातो. दुसरा उलट जास्तच सुरक्षित राहतो. झिजणारा कोण, हे ठरलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात लवकर झिजणाऱ्यापासून टिकणाऱ्यापर्यंत क्रम साधारण असा लागतो: मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, साधं लोखंड, शिसं, कथील, पितळ, तांबं, स्टेनलेस स्टील. जी.आय. म्हणजे लोखंडावर जस्त, म्हणून जोडी बघताना त्याला जस्तच धरायचं. यादीत दोन धातू जितके लांब, तितकी झीज जोरात.

खात्री करून घ्यायची असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर मीठ विरघळवा. एका बाजूला नवा जी.आय. स्क्रू, दुसऱ्या बाजूला सोललेली तांब्याची तार सोडा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. पाऊण व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. बाहेरच्या खारट हवेत दोन धातूंमधला फरक ०.१५ व्होल्टच्या आत ठेवावा, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. घराच्या आतल्या कोरड्या भागात अर्धा व्होल्टही खपून जातो. नाशिक आणि डहाणूच्या हिशोबातला फरक तो हाच.

ओल म्हणजे फक्त पाऊस नव्हे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पृष्ठभागावर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या पुढेच ओल धरतं. म्हणजे किनाऱ्यालगतच्या घरात जानेवारीतल्या कोरड्या वाटणाऱ्या दिवशीसुद्धा ती बॅटरी चालूच असते. पावसाचं एक बरं, तो मीठ धुऊन नेतो. त्यामुळे सर्वांत वाईट अवस्था उघड्यावरच्या भागाची नसते. छज्जाखाली, रेलिंगच्या खालच्या अंगाला, खिडकीच्या वरच्या चौकटीत, जिथे वारा मीठ आणतो पण पाऊस पोचत नाही, तिथे खरी झीज होते. पाहणीला गेलात तर आधी तिथे टॉर्च मारा.

आता आकाराचा भाग. बहुतेकांची फसगत इथेच होते. झिजणारा धातू आकाराने मोठा आणि टिकणारा छोटा असेल तर झीज पसरून जाते, फारसं बिघडत नाही. उलट असेल तर सगळा मारा त्या छोट्या तुकड्यावर येतो. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले. दोनेक वर्षांनी तपासलं तर बरेच पत्रे सुटलेले, कारण खिळे झिजून गेलेले. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तिथे चुकून तसाच राहिला होता आणि खिळा तांब्याला टेकलाच नव्हता. या लेखात पुढे जे नायलॉनचे वायसर वारंवार येतील, त्यांचं काम त्या कागदाचंच आहे.

पहिली पायरी: जोड्यांची यादी

ऑर्डर देण्याआधी वहीचं एक पान घ्या आणि घरात जिथे-जिथे धातूला धातू लागणार आहे, त्या सगळ्या जागा लिहा. "खिडकी" एवढं लिहून भागत नाही. खिडकीची फ्रेम आणि स्क्रू, फ्रेम आणि ग्रिल, ट्रॅक आणि रोलर, फ्रेम आणि भिंतीतला अँकर, अशा जोड्या लिहायच्या. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी: यादीप्रमाणे झिजणारा कोण, तो मोठा की छोटा, आणि तिथे पाणी साठतं का. झिजणारा छोटा आहे आणि पाणीही साठतं, अशा जागांना लाल खूण करा. साध्या घरात अशा खुणा मोजक्याच निघतात, आणि निम्म्याहून अधिक काम त्या सुधारण्यातच असतं.

जुनं काम उघडत असाल तर रंगावरून निदान होतं. ॲल्युमिनियम किंवा जस्त झिजलं की पांढरी भुकटी, तांबं-पितळ असेल तर हिरवट थर, लोखंड असेल तर तांबूस. पावडर कोटिंगच्या खाली स्क्रूभोवती फोड आलेला दिसला की समजा, आत ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. वरून रंग मारून ते थांबत नाही.

दुसरी पायरी: धातू ठरवा आणि तो खरा आहे का बघा

शक्य तिथे एकच धातू ठेवा. ॲल्युमिनियमच्या खिडकीला ॲल्युमिनियमची ग्रिल, एस.एस. रेलिंगला एस.एस.चीच बेस प्लेट.

स्टेनलेस घेताना ग्रेड विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाजारात २०२, ३०४ आणि ३१६ हे तीन मुख्य. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, आणि मिठाला तोंड देतं ते मुख्यतः हेच. समुद्रासमोरच्या रेलिंगला ३१६ घ्यावं. ३०४ वर तिथे चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात. घर आत, वाऱ्याच्या आडोशाला असेल आणि धुणं-पुसणं नियमित होणार असेल तर ३०४ चालवून घेता येतं. २०२ किनाऱ्यावर नकोच.

दुकानदार चुंबक लावून दाखवतो, "बघा साहेब, चिकटत नाही, ओरिजिनल आहे." २०२ लाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेतून २०२ आणि ३०४ मधला फरक कळतच नाही. ३१६ ओळखायला मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी मिळते: थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट दिला की रंग बदलतो. ते किट जवळ नसेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा तपासणी दाखला) मागा. बोल्टच्या बाबतीत सोपं आहे. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत ए२ किंवा ए४ असा ठसा असतो. ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचा, ए४ म्हणजे ३१६ च्या.

जी.आय. घेताना जस्ताची जाडी बघा. दुकानातल्या चकचकीत स्क्रूवर प्लेटिंगचा थर बहुधा १० मायक्रॉनच्या आतबाहेर असतो. जाड लोखंडी भाग वितळलेल्या जस्तात बुडवून काढला, म्हणजे हॉट डिप केला, तर ८५ मायक्रॉनच्या आसपास मिळतो. दोन्हींना दुकानात "जी.आय."च म्हणतात.

तिसरी पायरी: स्क्रू आणि बोल्ट

वरचा नियम इथे उतरतो: स्क्रू ज्यात बसतो त्या धातूपेक्षा तो टिकाऊ बाजूचा असावा, किंवा निदान त्याच जातीचा. पितळी बिजागरीला पितळी किंवा एस.एस. स्क्रू. लोखंडी लावलात तर बिजागरी चकाचक राहील आणि एक दिवस सागवानी दार हातात येईल. एस.एस. प्लेटला ॲल्युमिनियमची रिव्हेट कधीच नको. आणि साधी पॉप रिव्हेट म्हणजे निव्वळ ॲल्युमिनियम नसते. बाहेरची नळी ॲल्युमिनियमची असली तरी आतली काडी बहुतेकदा लोखंडी असते, आणि तिचं टोक आतच राहतं. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर तांबूस ओघळ आले तर ते तिथून आलेले असतात. रिव्हेट मागताना काडीसुद्धा त्याच धातूची मागा.

मग सगळीकडे एस.एस. स्क्रू मारून मोकळं व्हावं का? ॲल्युमिनियमच्या जाड सेक्शनला चालतो, कारण झिजणारा मोठा आहे, फक्त खाली वायसर आणि सीलंट हवं. पण छपराच्या गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियम-जस्त कोटिंगच्या पत्र्याला मारू नका. तिथे झिजणारा म्हणजे पत्र्यावरचा काही मायक्रॉनचा थर, तो एस.एस. स्क्रूभोवती आधी उडतो आणि मग पत्राच गंजतो. अशा पत्र्याला पत्रा बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेलाच, किनारपट्टीच्या ग्रेडचा कोटेड स्क्रू रबरी वायसरसह लावायचा. महाग स्क्रू म्हणजे चांगला स्क्रू, असं समजणारे इथे फसतात.

चौथी पायरी: मध्ये अडसर घाला

समजा ॲल्युमिनियमचं रेलिंग एम.एस.च्या खांबाला ८ मिमीच्या एस.एस. बोल्टने जोडायचं आहे. नुसता वायसर पुरत नाही, कारण बोल्टची दांडी भोकाच्या कडेला टेकतेच. म्हणून भोक १० मिमीपेक्षा किंचित सैल पाडा आणि आत १ मिमी जाडीची नायलॉनची नळी, म्हणजे बुश, घाला. बोल्टच्या डोक्याखाली आधी एस.एस.चा वायसर आणि त्याच्या खाली नायलॉनचा. नटाच्या बाजूलाही तोच क्रम. एस.एस.चा वायसर मध्ये नसेल तर डोकं आवळताना नायलॉन कापलं जातं. दोन धातूंच्या सपाट पृष्ठभागांमध्ये ईपीडीएम किंवा निओप्रीनची (हे दोन्ही रबराचेच प्रकार) पट्टी ठेवा आणि ती कडेबाहेर दोन-तीन मिमी डोकावू द्या, म्हणजे पाण्याचा थेंब कड ओलांडून पलीकडे पोचत नाही.

नायलॉन दाबाखाली हळूहळू बसतं, तेव्हा काही आठवड्यांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. रेलिंगवर माणसाचा भार येतो, त्यामुळे उंच बाल्कनीचं काम असेल तर बोल्टचा आकार आणि संख्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

आता परीक्षा. मल्टिमीटर बझरवर ठेवा. मीटरची एक काडी बोल्टच्या डोक्यावर, दुसरी ॲल्युमिनियमवर पावडर कोटिंग जरा खरवडून उघड्या धातूवर. "टीं" वाजलं तर कुठेतरी टेकलंय, बोल्ट काढा आणि बुश बघा. ही तपासणी नाशिकच्या वर्कशॉपमध्येच, माल टेम्पोत चढण्याआधी करून घ्या. साइटवर गेल्यावर कुणी करत नाही. ॲनोडाइज्ड, म्हणजे विजेने ऑक्साइडचा थर चढवलेल्या पृष्ठभागावर मात्र काडी नीट खरवडून लावा, कारण त्या थरातून करंट जात नाही आणि वाजलं नाही म्हणून उगाच समाधान होतं.

बोल्ट बसवताना धाग्यांना तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस लावू नका. ही दोन्ही यादीत अगदी टिकाऊ टोकाला आहेत, ॲल्युमिनियमला ती घातकच. सीलंट सिलिकॉनचं असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं.

रंगाबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल. फक्त झिजणारा धातू रंगवणं धोक्याचं आहे, कारण रंगाला ओरखडा पडला की सगळा मारा त्या रेघेएवढ्या जागेवर येतो. दोन्ही रंगवा. एकच रंगवणं शक्य असेल तर टिकणारा रंगवा. एस.एस. आणि एम.एस. वेल्ड करावंच लागलं तर ३०९एल चा रॉड वापरा आणि रंग वेल्डच्या पलीकडे एस.एस.वरही चार-पाच सेंटिमीटर न्या.

पाणी साठू देऊ नका

रेलिंगच्या पायाशी जी शोभेची गोल कटोरी बसवतात, तिच्या आत खारट पाणी अडकतं आणि वाळायला जागाच नसते. कटोरी घालूच नका, किंवा घातलीत तर कड सीलंटने बंद करा. स्लायडिंगच्या ट्रॅकला पाणी निघायची भोकं हवीत आणि ती गिलाव्याने बुजलेली नसावीत. ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटमध्ये थेट गाडू नका. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं आणि ॲल्युमिनियमला खातं. गाडलं जाणारं टोक आधी बिटुमेनने रंगवून घ्यावं.

छपरावरून ओघळणारं पाणी

इथे धातू टेकायचीही गरज नसते. तांब्यावरून आलेल्या पाण्यात तांब्याचे कण विरघळून येतात, ते खालच्या जस्तावर किंवा ॲल्युमिनियमवर बसतात आणि तिथे बारीक खड्डे पडतात. शिखरावर तांब्याचा कलश आणि खाली जी.आय. पन्हळ, किंवा एसीची तांब्याची नळी पत्र्यावरून फिरवलेली, या जागा बघा. ज्या धातूला इजा होते तो वर आणि तांबं खाली असेल तर हरकत नाही. नळाच्या पाइपलाही हाच नियम: पाण्याच्या वाटेवर आधी जी.आय., नंतर तांबं. उलट कधीच नाही.

नळ, गिझर, अर्थिंग

किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर जी.आय. पाइप आणि पितळी व्हॉल्व्हचा सांधा आतून सडतो. दुरुस्ती काढलीच आहे तर पाइप सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) करून टाका, प्रश्न मिटतो. जुना लोखंडी पाइप काढताना इलेक्ट्रिशियनला विचारा, कारण काही जुन्या घरांत अर्थिंग त्याच पाइपावर घेतलेलं असतं.

साठवणीच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो. मॅग्नेशियम यादीत सगळ्यांत वरचं, म्हणून टाकीऐवजी तो झिजतो, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. मचूळ पाण्यात तो लवकर संपतो. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगवाल्याला तो काढून दाखवायला सांगा. आतली सळई दिसू लागली असेल तर बदला.

अर्थिंगच्या बाबतीत वरची सगळी नायलॉनची गोष्ट विसरायची. अर्थिंगच्या वाटेत अडसर घालणं जिवावर बेतू शकतं. सोलर पॅनेलची ॲल्युमिनियम फ्रेम आणि तांब्याची अर्थ वायर थेट जोडायची नसते, तिथे कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची लग (वायरच्या टोकाला बसवायचा जोड) किंवा दोन धातूंची बायमेटल लग वापरतात. भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या पातेल्यांना कल्हई करतात तेही कथीलच. जोडणी झाल्यावर सांध्यावर संरक्षक लेप द्या. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच.

साइटवर डोळ्यांत तेल घाला

एस.एस.चं निम्मं नुकसान बसवण्याच्या आठवड्यात होतं. फरशीवाला शेवटच्या दिवशी ॲसिड ओतून फरशी घासतो, आणि ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्याची नुसती वाफ लागली तरी रेलिंगवर डाग उठतात. फरशी धुऊन पूर्ण झाल्याशिवाय रेलिंग बसवूच नका. एम.एस.ची ग्रिल शेजारी ग्राइंडरने कापत असतील तर ठिणग्या एस.एस.वर येऊ देऊ नका, ते लोखंडाचे कण चिकटून गंजतात आणि लोक एस.एस.ला दोष देतात. घासायला तारेचा काथ्याही नको, मऊ फडकं आणि साबणाचं पाणी पुरतं.

पुढची देखभाल

दिवाळीनंतर पाऊस थांबला की मीठ साचायला सुरुवात होते, म्हणून ऑक्टोबर ते मे हा काळ जपायचा. गेलात की गोड्या पाण्याच्या पाइपाने रेलिंग, खिडक्यांचे ट्रॅक आणि एसीचं बाहेरचं युनिट धुऊन घ्या. युनिटमध्ये तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकमेकांना चिकटूनच असतात, तिथे मीठ साचू देऊ नका. नवा एसी घेत असाल तर पट्ट्यांवर संरक्षक कोटिंग असलेला मागा. पाणी मारताना छज्जाखालच्या जागा विसरू नका, तिथे पाऊस कधीच पोचलेला नसतो.

आणि घर सांभाळणाऱ्या माणसाकडे एक डबा ठेवून द्या: ए४ चे दोन-तीन मापांचे स्क्रू-बोल्ट, नायलॉनचे वायसर, बुशचे तुकडे, ईपीडीएमची मीटरभर पट्टी आणि न्यूट्रल सिलिकॉनची एक ट्यूब. डब्यात चिठ्ठी टाका, कुठला स्क्रू कुठे ते. नाहीतर मधेच एखादा स्क्रू पडला की तिथला सुतार खिशातला जी.आय. स्क्रू मारून जातो, आणि तुम्हाला कळतं पुढच्या मे महिन्यात.